हात खाली आणताना

अक्का,

तुझी ट्रंक काल साताऱ्याहून आली. शाळेच्या शिपायाने ती एस.टी.च्या टपावर चढवून दिली होती. मी सांगलीच्या स्टँडवर जाऊन उतरवून घेतली. घरी येऊन उघडली तर वर पांढरी पातळं, त्यांच्याखाली तुझे कॅनव्हासचे बूट, आणि बुटात खोचून ठेवलेली, काळ्या दोरीत ओवलेली शिट्टी. पातळांना अजून तुझ्या कपाटातल्या कापराचा वास आहे. मी ट्रंक पुन्हा लावून टाकली.

तुझ्या शाळेच्या वार्षिक अंकासाठी त्यांनी माझ्याकडे लेख मागितला आहे. जन्म, शिक्षण, नोकरीची वर्षं, मुलींनी मिळवलेल्या ढाली, असं काही त्यांना हवं असेल. ते तुझ्या मुख्याध्यापकबाई लिहितील, आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मला लिहायला बसलं की तुझ्याशीच बोलावंसं वाटतं. तू गेल्यापासून दुसऱ्या कुणाशी बोलणं मला नीट जमलेलं नाही.

लोक येतात. बसतात. चहा घेतात. "सुटल्या बिचाऱ्या," म्हणतात. ते मी ऐकून घेतो. मग कुणीतरी म्हणतं, "पण शेवटी किती शांत होत्या हो. तो योग, ते श्वासाचं... त्यानेच ना?" इथे मी अडतो. मान हलवतो आणि कपबशा उचलून आत जातो. तू खरंच शांत होतीस का, हे मला ठाऊक नाही. तू होतीस तेव्हा ते तुला विचारायचं राहिलं, कारण तेव्हा मी ते गृहीतच धरून चाललो होतो. गृहीत धरून वर त्यावरून तुझ्याशी भांडतही होतो.

आपल्या औंधात आजार असा नव्हताच, आठवतं? जो काही होता तो सूर्यनमस्कार चुकवल्याचा परिणाम. सर्दी झाली, "नमस्कार बुडवलेस वाटतं." पोट दुखलं, "उद्यापासून वाढव." संस्थानातल्या शाळांत नमस्कार सर्वांनाच होते, आणि अण्णा तर शाळेतच मास्तर, तेव्हा आपल्याकडे ते घरीही होते. तू लहान असताना तापाने पडलीस. गुडघे, घोटे सुजले होते, पांघरुणाचा भार सोसत नव्हता. ताप उतरला तसं अण्णांनी तुला अंगणात पूर्वेला तोंड करून उभं केलं. हे त्यांनी प्रेमानेच केलं. त्यांच्यापाशी द्यायला तेवढंच औषध होतं. तू लंगडत वाकलीस, उठलीस, आणि महिन्याभरात आम्हा सगळ्यांच्या पुढे यमाईच्या डोंगरावर पळत गेलीस. अण्णा कितीतरी दिवस भेटेल त्याला ते सांगत होते.

त्या तापाने तुझ्या काळजाची एक झडप तेव्हाच आवळून ठेवली होती, हे कळायला तीस वर्षं गेली. तोवर तू साताऱ्याच्या मुलींच्या शाळेत ड्रिलच्या बाई झाली होतीस. पांढरं पातळ, पदर खोचलेला, गळ्यात शिट्टी. मग पायऱ्या चढताना तुला दम लागायला लागला. एकदा यात्रेला आपण दोघं यमाईला गेलो, तर मधल्या वळणावर तू थांबून खालचं गाव बघत राहिलीस. तुझं बघणं जरा लांबलं. मी विचारलं तर म्हणालीस, "अंगात आळस भरलाय रे दिनू. सुट्टीत नमस्कार कमी पडले." आणि साताऱ्याला गेल्यावर तू ते वाढवलेस. दुसऱ्या गावची बाई दमली की निजते, औंधची बाई दमली की नमस्कार वाढवते. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. मीही औंधचाच.

शिट्टीची गोष्ट तू मला फार उशिरा सांगितलीस, आणि तीही हसत. मुली मैदानावर रांगेत उभ्या, तू शिट्टी ओठांत धरलीस, फुंकर घातलीस, आणि आवाज आला नाही. मुलींना वाटलं, बाई गंमत करतायत. त्या हसल्या. "मग मीही हसले," तू म्हणालीस. "दुसरं काय करणार? टाळी वाजवली आणि ड्रिल घेतलं."

त्यानंतर भूकंप झाला. साताऱ्यात तुझ्या खोलीच्या भिंतीला तडा गेला आणि तू माझ्याकडे सांगलीला, विश्रामबागेत राहायला आलीस. लोकांना आपण भिंतीचं कारण सांगत होतो. ते सोयीचं होतं. तेव्हा सगळ्यांच्याच भिंतींना तडे गेले होते, जास्त कुणी विचारत नसे.

मिरजेच्या डॉक्टरांनी नळी लावून फार वेळ ऐकलं. मग गाव विचारलं. औंध म्हटल्यावर ते हसले.

"मग नमस्कार घालत असाल."

"रोज," तू ताठ बसून म्हणालीस.

"आता घालायचे नाहीत. एकही नाही."

"मग करू काय?"

"विश्रांती."

तू शाळेतल्या तपासनीसाला विचारावं तसं विचारलंस, "ती कशी करतात?" डॉक्टर चिठ्ठी लिहिता लिहिता थांबले. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि मीठ बंद केलं.

पहिले दिवस वाईट होते. तू भिंतीकडे तोंड करून पडून असायचीस. अळणी आमटीचं ताट पुढे केलं की म्हणायचीस, "नदीचं पाणीच दे ना वाटीत, निदान फुकट मिळतं." दम लागला की तू उठून बसायचीस, खाटेच्या दोन्ही कडा धरायचीस आणि डोळे मोठे व्हायचे. ते डोळे मला बघवत नसत. मी ग्रंथालयात कामाला जायचो, पुस्तकांना नंबर घालायचो, आणि नंबर चुकायचे.

मग एका सकाळी मी चहा घेऊन आलो, तर तू उशांना टेकून बसली होतीस. डोळे मिटलेले. दोन्ही हात मांडीवरून वर येत होते, इतके हळू की पाण्यातून येत असावेत. छातीपाशी आले, थांबले, आणि आले त्याहून हळू खाली गेले.

"काय चाललंय?"

"नमस्कार."

"अक्का, डॉक्टर काय म्हणाले होते?"

"घालू नका म्हणाले. मी घालत कुठे आहे? मनात घालतेय. हात आपले लाजेखातर हलवते."

मग तू मला ते समजावून सांगितलंस, ड्रिलच्या बाई सांगतात तसं. श्वास जाईल तेवढेच हात न्यायचे. श्वास पोटापाशी संपला तर हातही पोटापाशी थांबवायचे, त्याला ओढून वर न्यायचं नाही. जन्मभर आपण श्वासाला अंगामागे पळवलं, आता अंगाने श्वासामागून चालायचं. बाकीचं सगळं डोळे मिटून. औंधचं अंगण, पायाखालची गार जमीन, पूर्वेला तोंड, मग वाकणं, मागे पाय नेणं, सगळं आत, न हलता. "आणि खाली आणताना घाई करायची नाही," तू म्हणालीस. "वर नेणं कुणालाही येतं, दिनू. खाली आणताना कळतं."

हळूहळू फरक पडला. तू भिंतीकडचं तोंड इकडे केलंस. दुपारी तुला झोप लागू लागली. दम लागला तरी खाटेच्या कडा धरण्याऐवजी तू हात मांडीवर उताणे ठेवायचीस आणि फक्त बाहेर जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष द्यायचीस. पुढच्या खेपेला डॉक्टरांना आपण हे सांगितलं. ते म्हणाले, "झडप होती तशीच आहे. पण दमाने माणूस घाबरतं आणि घाबरून आणखी दमतं. तो दुसरा दम यांनी कमी केलाय. करा. याने झडप उघडणार नाही, पण करा."

त्यातलं 'करा' तेवढं मी ऐकलं. ग्रंथालयात श्वासावर, आसनांवर जे जे होतं ते सगळं घरी आणलं. रात्री वाचायचं आणि सकाळी तुला सांगायचं: हे असं केलं तर रक्त शुद्ध होतं, ते तसं केलं तर अमुक नाडी मोकळी होते. तू ऐकून घ्यायचीस. एकदा म्हणालीस, "तू ती पुस्तकं परत कर बरं. झडपेला वाचता येत नाही."

आपलं भांडण इथूनच सुरू झालं. मुंबईला नेलं तर शस्त्रक्रिया होऊ शकते, असं मी कुठूनतरी ऐकलं. डॉक्टरांनी डोकं हलवलं. काही वर्षांपूर्वी झाली असती, आता फार उशीर झाला, तरी जायचंच असेल तर ओळखीच्या एकांना लिहितो, म्हणाले. मी बॅग भरायला तयार होतो. तू नाही म्हणालीस. मी रोज विषय काढायचो आणि तू रोज हात हळूहळू वर न्यायचीस. शेवटी मी चिडलो. आवाज चढवायची मला सवय नाही, तो कुठून आला कोण जाणे.

"तुझ्या या शांतपणाचाच मला राग येतो," मी म्हणालो. "हे श्वास, हे हात. यांनी तुला गप्प बसवलंय. तू लढत का नाहीस?"

तू हात पूर्ण खाली येऊ दिलेस. मग म्हणालीस, "आयुष्यभर मुलींना 'सावधान' म्हणत आले रे. आता मला एकदा 'विश्राम' म्हणू दे की."

"विश्रामनंतर पुन्हा सावधान असतं. तूच शिकवतेस."

तू माझ्याकडे पाहिलंस. काहीतरी बोलणार होतीस. मग म्हणालीस, "उद्या बोलू. आता दमले."

दुसऱ्या दिवशी पायांवरची सूज गुडघ्यांपर्यंत चढली आणि तुला मिरजेला दवाखान्यात ठेवावं लागलं. ते बोलणं तिथेच राहिलं.

शेजारच्या खाटेवर हौसाबाई होती. कवठेमहांकाळकडची, साठीची, तुझ्यासारखीच सुजलेल्या पायांची आणि कुणाचीही भीडभाड नसलेली. तुझे हात वर-खाली होताना तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "आवं बाई, ह्ये द्येवाचं करताय का डास मारताय?"

"दोन्ही," तू डोळे न उघडता म्हणालीस.

"मग मला बी शिकवा. हितं डास लय हायती."

त्यानंतर मी चारला भेटायला यायचो तेव्हा दोन खाटांवर दोन बायका हात उचलत असायच्या. हौसाबाईचे भराभर, तुझे सावकाश. तू तिला ओरडायचीस, "हळू. पीठ चाळतेयस का?" ती म्हणायची, "व्हय की. सवय हाय." वॉर्डातल्या परिचारिका हसायच्या. मिरजेहून परतीच्या गाडीत मला तुझा आवाज ऐकू येत राहायचा आणि त्या अर्ध्या तासात वाटायचं की काही बिघडलेलं नाही.

एका दुपारी मी बसलेलो असताना धक्का बसला. मोठ्या भूकंपानंतर असे धक्के अधूनमधून यायचेच, पण हा जोराचा होता. बाटल्या एकमेकींवर आपटल्या, खाटा फरशीवर सरकल्या आणि ज्यांना पाय होते ते सगळे दाराकडे धावले. मी उठलो. तुला उचलता येईल का ते बघत होतो. तू म्हणालीस, "दिनू, बस." आवाज वर्गातला होता. मी बसलो. तू हौसाबाईकडे बघितलंस आणि दोघींनी हात वर नेले. छत हलत होतं, तुमचे हात डगमगत नव्हते. ते सावकाश खाली आले तोवर धक्का थांबला होता. हौसाबाई म्हणाली, "धरणीमाय बी धापा टाकतीया. तिला बी शिकवा, बाई."

तू मोठ्याने हसलीस, आणि त्या हसण्याने तुला खोकला आला.

त्या दिवशी मी मनाशी कबूल केलं की तुझं खरं आहे. हलत्या छताखाली अशी बसू शकणारी बाई हरलेली नसते. हे तुला सांगायचं मी ठरवलं होतं. पुढच्या भेटीत तुला बरं नव्हतं, त्याच्या पुढच्या भेटीत नातेवाईक होते. त्यानंतर एका सकाळी मी मिरजेला उतरलो, वॉर्डात आलो, तर तुझ्या खाटेवर नवी चादर घालत होते. हौसाबाई तोंडावर पदर घेऊन पडली होती. मी चादर घालणाऱ्या बाईला म्हणालो, "उजव्या बाजूला उशी लागते तिला." तिने उशी मधोमधच ठेवली. तेव्हा मला कळलं.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा मिरजेला गेलो. तुझा चष्मा आणि फुलपात्र तिथे राहिलं होतं. तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या गल्लीवरून मुद्दाम लांबच्या वाटेने गेलो. सतारीचे भोपळे उन्हात वाळत होते आणि आत कुणी तार लावून पाहत होतं. दवाखाना लवकर यायला मला नको होता. हौसाबाई अजून तिथेच आहे, पण सूज उतरली आहे. मी तिच्यासाठी मोसंबी नेली होती. थोडं इकडचं तिकडचं झालं. मग जे कुणालाच विचारलं नव्हतं ते तिला विचारलं.

"हौसाबाई, अक्का शेवटी शांत होती ना?"

तिने मोसंबं हातात फिरवलं. "कुनी सांगितलं?"

"सगळेच म्हणतात."

"सगळी चारला येत्यात न् सा वाजता जात्यात. हितं दिसभर मी हुते. बाई लय भ्यायच्या. तुमी गेलासा की रडायच्या. तोंडात पदर घालून, मला ऐकू जाऊ न्हाई म्हून. आन् तुमची यायची येळ झाली की त्वांड धुवून, केस इंचरून बसायच्या."

"मग ते हात?"

"भ्या आलं की हात उचलायच्या."

"आणि मग भीती जायची?"

"जातीया कुटं? जरा सरकून बसायची. तवर बाई घोटभर पानी पियाच्या, माझी चवकशी करायच्या, तुमास्नी बटन तुटल्यालं सांगायचं हाय म्हनायच्या. मग ती पुन्ना यायची. मग पुन्ना हात." तिने मोसंबं उशाशी ठेवलं. "धक्का बसला त्या दिशी, तुमी गेल्यावर, बाई थरथर कापत हुत्या. मी हात धरून बसले. तुमास्नी वाटलं आसंल, बाई दगडाच्या हायती."

मी चष्मा आणि फुलपात्र घेऊन बाहेर आलो. स्टेशनवर बाकावर बसलो आणि सांगलीची गाडी समोरून जाऊ दिली.

ज्या शांततेशी मी भांडलो, ती तुझ्यापाशी नव्हतीच, अक्का. तू तेव्हा म्हणाली असतीस की नाही रे, मी शांत नाही, मला फार भीती वाटते, तर मी काय केलं असतं? मला माहीत नाही. कदाचित तुझ्याहून जास्त भ्यालो असतो, आणि तुला ते दिसलं असतं. म्हणून 'उद्या बोलू' म्हणालीस. तो उद्या आता मी एकटाच घेऊन बसलो आहे. त्यात तुझी वाक्यंही मीच म्हणतो, आणि ती तुझ्यासारखी होत नाहीत.

लोकांना मी काय सांगू? की त्या हातांनी तुझी भीती गेली नाही, दुखणं गेलं नाही, एक दिवसही जास्त मिळाला नाही? हे सगळं खरं आहे. पण भीती सरकून बसायची, हेही हौसाबाईने सांगितलं आहे. ती सरकायची तेव्हा खाटेच्या कडेला थोडी जागा व्हायची, एक माणूस बसेल एवढी. चारला मी यायचो आणि त्या जागेत बसायचो. तू माझ्या शर्टाचं बटण बघायचीस. औंधच्या गोष्टी काढायचीस. अण्णांची नक्कल करायचीस. ते सगळे तास मी तुझ्या भीतीच्या शेजारी बसून काढले आणि मला त्याचा पत्ता नव्हता. एवढं दिलंस. याबद्दल तुझे आभार कसे मानायचे हे मला कळत नाही. आपल्या घरात कुणी कुणाचे आभार मानले नाहीत.

आज ग्रंथालयाला सुट्टी होती. दुपारी मी तुझ्या खाटेवर बसलो, उशा टेकून घेतल्या, डोळे मिटले. औंधचं अंगण आणायचा प्रयत्न केला. आलं. पण त्यात तू नव्हतीस, अण्णा नव्हते, अंगण झाडून ठेवल्यासारखं रिकामं होतं. तरी तू शिकवलंस तसं श्वास जाईल तेवढेच हात नेले. ते छातीपाशी आले. काही सरकलं नाही. जे होतं ते खाटभर पसरून बसलेलं होतं, कडेलाही जागा नव्हती.

हात वर नेणं कुणालाही येतं, तू म्हणाली होतीस. मला आलं. बराच वेळ झाला, अक्का, बाहेर ऊन उतरलं. हात तसेच छातीशी होते. ते खाली आणायचे म्हणजे श्वास सोडायचा, आणि तू सांगायचीस तसा सावकाश, काही न धरता सोडायचा. तेवढंच मला जमलं नाही.